काकू, तुम्ही नेटकडे पाठ करून बसलात

प्रिय काकू,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही "चल, पुरे आता" म्हणून पर्स उचलून निघाला असता. परवाच्या व्हॉलीबॉल मॅचला दोन दिवस झाले. अजून डोळे मिटले की तेच एक दृश्य समोर येतं आणि घसा दाटून येतो. त्या दृश्याकडे येतेच, पण त्याआधीचं सांगायला हवं. त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणालाच कळायचं नाही.

माझ्या हातात जोर पहिल्यापासून होता. जम्प सर्व्ह, म्हणजे उडी मारून केलेली सर्व्हिस, बसली की समोरच्या लिबेरोच्या (फक्त बचावासाठी असलेल्या खेळाडूच्या) हातांवरून बॉल उडून थेट मागच्या भिंतीवर जायचा आणि अख्खा हॉल ओरडायचा. पण दहातल्या चारच बसायच्या. उरलेल्या सहा नेटमध्ये, नाहीतर मागच्या रेषेपलीकडे. आजच्या व्हॉलीबॉलमध्ये चुकलेली सर्व्हिस म्हणजे समोरच्यांना आयता पॉइंट, वर सर्व्हिसही त्यांचीच. २५ पॉइंटच्या सेटमध्ये मी एकटीने पाच पॉइंट देऊन टाकलेत असे सेट मला तारखेसकट आठवतात. सेट संपल्यावर मैत्रिणी पाठीवर हात ठेवायच्या, काही बोलायच्या नाहीत, आणि तेच जास्त लागायचं.

चार वर्षं मी यावर उपाय विचारत फिरले. मिळालेले सगळे सल्ले दोन शब्दांत मावतील : जोर कमी. एका प्रशिक्षकांनी तर तो मंत्रच केला होता. मी जोर कमी करायचे, बॉल आणखी लांब पडायचा. "सर, हळू मारला की उलट बाहेर जातोय," असं एकदा धीर करून म्हणाले, तर उत्तर आलं, "ऐकायचं नसेल तर बाहेर बस." पुढचा सगळा सीझन सेट अटीतटीला आला आणि सर्व्हिसला माझी पाळी आली की साइडलाइनवर माझ्या नंबराची पाटी धरून बदली खेळाडू उभी असायची. मी मान खाली घालून बाहेर जायचे. बाहेर का काढताय हे कधी कुणी सांगितलं नाही, आणि आत राहायचं असेल तर काय शिकू हेही सांगितलं नाही. काकू, मला त्या माणसाचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. त्यांनी मला रागावलं याचं काही नाही. चार वर्षांत त्यांनी माझ्या टॉसकडे, म्हणजे मारण्याआधी मी बॉल वर कसा टाकते तिकडे, एकदाही बघितलं नाही, याचा राग आहे. त्यांचे डोळे कायम बॉल कुठे पडला तिकडे. आत पडला तर "शाब्बास", बाहेर गेला तर शिव्या.

आणि मग ती दुपार. प्रॅक्टिस संपली होती, ज्युनिअरच्या मुली पिशव्या भरत होत्या, तुम्ही लेकीसाठी बाकावर थांबला होता. मी एकटीच बॉलची ट्रॉली ओढून रेषेमागे उभी राहिले आणि रागाने एकामागून एक मारत सुटले. तुम्ही उठलात, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची उचललीत आणि विचारलंत, "बारा नंबर, मी इथे बसले तर चालेल का?" माझं नाव तुम्हाला माहीत नव्हतं, जर्सीवरचा नंबर तेवढा माहीत होता.

खुर्ची तुम्ही उजव्या साइडलाइनच्या बाहेर ठेवलीत. तोंड माझ्याकडे, पाठ नेटकडे.

मला वाटलं, चुकून तशी ठेवली असेल. पहिली सर्व्हिस मी नेटमध्ये घातली, जाळीचा आवाज आला, तुम्ही वळला नाहीत. पाचवी का सहावी अशी बसली की लांबच्या कोपऱ्यात धाडकन आवाज घुमला. तेव्हाही नाही. खरं सांगू, तेव्हा मला वाईट वाटलं होतं, निदान चांगली तरी बघा. तुम्ही माझ्याकडेच बघत होता. पाऊणएक तास मी मारत राहिले आणि त्यातली एकही सर्व्हिस कुठे पडली ते तुम्ही पाहिलं नाहीत. हळूहळू काहीतरी सैल पडत गेलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी सर्व्हिस बघत होतं आणि त्याला मी पास झाले की नापास याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी खूप रडले, हे तुम्हाला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

ट्रॉली रिकामी झाल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात. "यातला तुझा सगळ्यात चांगला टॉस कितवा होता?"

मला सांगता येईना. कुठल्या सर्व्हिस आत गेल्या ते पाठ होतं, टॉस एकही आठवत नव्हता. तुम्ही हसला नाहीत. एवढंच म्हणालात, "मी सेटर होते. वाईट सेट आला की तुम्ही अटॅकर आमच्याकडे कशा बघता ते मला चांगलं माहीत आहे. सर्व्हिसला तूच तुझी सेटर आहेस. स्वतःला असले सेट का देतेस?"

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. एरवी सेटर बॉल वर उचलून देते, तो तिचा सेट, आणि अटॅकर तो मारते. अख्ख्या कोर्टावर सर्व्हिस हा एकच फटका असा, की त्यात बॉल दुसऱ्या कुणाकडून येत नाही. आपणच वर टाकायचा आणि आपणच मारायचा. तरी मी टॉसला हात मोकळा करण्यापुरता मानत होते. टॉस अंगावर मागे राहिला की बॉल डोक्याच्या वर येतो, तळवा त्याच्याखाली जातो आणि बॉल वर चढून बाहेर. फार पुढे पडला की तो हातात येईपर्यंत खाली उतरलेला असतो, मग नेट. डावीकडे सरकला की अंग वाकतं आणि बॉलही तिकडेच ओढला जातो. शिवाय पलीकडची रेषा अठरा मीटरवर. हाताजवळ एका अंशाची चूक झाली तर तिथे पोचेपर्यंत तिची तीसेक सेंटीमीटर होतात. हे सगळं एकदा कळलं, तेव्हा मी चार वर्षं ज्याला नशीब म्हणत होते ते माझ्या हातातून दर वेळी वेगळा सुटणारा बॉल होता, हेही कळलं.

आणि जोराचं! मी भीत भीत विचारलं, "जोर कमी करू ना?" तुम्ही जवळजवळ चिडलातच. "कशाला? जोर कमी केलास की फिरकीही कमी होते. मग बॉलला खाली आणणार कोण?" वरून पुढे फिरणारा बॉल हवेतच खाली वळतो, म्हणून तर तो नेटच्या चांगला वरून जाऊनही नऊ मीटरच्या आत उतरतो. हात हळू केला, मनगट अडखळलं की ती फिरकी मरते आणि बॉल सरळ तरंगत बाहेर जातो. म्हणजे मी "सर, उलट बाहेर जातोय" म्हणाले होते ते बरोबरच होतं, काकू. बरोबर होतं आणि मला बाहेर बसवलं गेलं. तुम्ही ते समजावून सांगितलंत तेव्हा मला सर्व्हिसचं कोडं सुटल्याचा जेवढा आनंद झाला, तेवढाच मी वेडी नव्हते याचाही झाला.

पुढचे तीन महिने काय काय केलं ते इथे मांडत बसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. रेषेच्या आत दीड पावलावर घडी घालून ठेवलेला तुमचा नॅपकिन, आणि टॉस त्याच्यावर पडेपर्यंत बॉलला हात लावायचा नाही, असा तो पहिला आठवडा. मग ते "हो" आणि "नाही". टॉस वर पोचता पोचता तुम्ही म्हणायचात. "हो" आलं तर पूर्ण जोराने मारायचं, "नाही" आलं तर बॉल खाली पडू द्यायचा. किती बॉल मी नुसते पडू दिले! बघणाऱ्यांना वाटायचं, ही घाबरली. साधारण महिन्याभराने एक दिवस तुमचं "नाही" यायच्या आत माझा हात थांबला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नॅपकिन उचललात आणि पर्समध्ये ठेवून दिलात. त्यानंतर तो परत निघाला नाही.

मॅचमध्ये टॉस सोडून देता येत नाही. शिट्टीनंतर ८ सेकंद, आणि एकदा हातातून सुटलेला बॉल मारायलाच हवा. त्यासाठीही तुम्ही वाट काढून दिलीत. "नाही" वाटलं तर पूर्ण ताकद ओतायची नाही, मनगटाने गुंडाळून फिरकीची सर्व्हिस खोल टाकायची आणि पळत बचावाला यायचं. "वाईट सेटवर शहाणी अटॅकर काय करते? तेच." इतकं साधं. एरवीही तुम्ही असंच शिकवायचात, गप्पांच्या ओघात. तुमच्या काळी पहिल्या चार सेटमध्ये सर्व्हिस चुकली तर पॉइंट जात नसे, फक्त सर्व्हिस जायची, पण नेटला नुसता स्पर्श झाला तरी ती बाद. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या पुरुषांनी उड्या मारून केलेल्या सर्व्हिस आणि त्यांचं रौप्यपदक, हे तुम्ही असं सांगायचात की जणू काल बघून आलात. तुम्हाला स्वतःला मात्र जम्प सर्व्ह कधी मारू दिली नव्हती. हे एकदाच सांगितलंत, आणि लगेच विषय बदललात.

अजून एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. मला पहिल्यांदा काही सांगायच्या आधी तुम्ही आमच्या आत्ताच्या सरांकडे जाऊन विचारलं होतं, "मी हिच्याबरोबर थोडा वेळ बसले तर तुमची हरकत नाही ना?" उद्या दोघांच्या सूचनांत मी अडकू नये, माझ्यावर कुणाची खप्पामर्जी होऊ नये, एवढा विचार करून. सरांनीच परवा सांगितलं. मला वाटतं, चांगुलपणा असाच असतो. तो आधी कुणाची तरी अडचण बघतो, आणि आपण काही करतोय याचा गाजावाजा न करता खुर्ची ओढून बसतो. खेळात आरडाओरड करणाऱ्यांना जाणकार समजायची सवय लागली आहे आम्हाला. दुसऱ्याच्या चुकीशेजारी शांतपणे बसून राहायला किती ताकद लागते, ते त्यांच्यातल्या किती जणांना जमेल?

आता परवाचं. शेवटचा, पंधरा पॉइंटचा पाचवा सेट, १३–१३, सर्व्हिस माझी. साइडलाइनवर पाटी नव्हती. मी सवयीने तिकडे बघितलं आणि सरांनी नुसती मान हलवली, मार. शिट्टी झाली. श्वास घेतला, टॉस सोडला, आणि तो हातातून सुटतानाच कळलं की "हो". पायांनी आपोआप वेग पकडला, हात पूर्ण गेला, मनगट गेलं. आयुष्यात याहून चांगली सर्व्हिस मी मारलेली नाही. मी कोर्टात उतरले तेव्हा सगळ्या गॅलरीच्या माना बॉलबरोबर पलीकडे वळलेल्या होत्या. बॉल मागच्या रेषेला चार बोटं चुकला. लाइन्समनचं निशाण वर गेलं. हॉलभर एक मोठा हुंकार उठला, आमच्या बाकावर कुणीतरी कपाळावर हात मारला.

आणि त्या सगळ्या माना पलीकडे असताना तुमची एकटीची माझ्याकडे होती. तुम्ही बॉल बघितलाच नव्हता. निशाण बघितलं नव्हतं. ओठ हलले तेवढे मला दिसले : "हो."

काकू, १३–१४ ला मी कोर्टावर उभी होते आणि मला रडू येत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलेल्या सर्व्हिसनंतर माझे पाय जड झाले नाहीत. पुढचाच रिसीव्ह मी घेतला, स्वच्छ घेतला. मॅच आम्ही १७–१५ जिंकलो, त्यात शेवटचे पॉइंट दुसऱ्यांचे होते आणि त्यांना त्याचं श्रेय आहे. वही काढून बघितलं तर माझ्या त्या दिवसाच्या सोळा सर्व्हिस, दोन चुका. ती चार बोटांची त्यातलीच एक. तिच्यापुढे मी लाल पेनने "हो" लिहिलंय.

मॅचनंतर तुम्हाला शोधलं तर लेकीची शाळा म्हणून तुम्ही निघून गेला होता. मला मिठी मारायची होती. त्याऐवजी हे पत्र.

आणि एक काम राहिलंय. पाचव्या सेटपर्यंत अंग थकलं की माझा डावा खांदा लवकर खाली पडतो असं मला वाटतंय, म्हणून बॉल शेवटी थोडा मागून लागतो. खात्री नाही, मला स्वतःला दिसत नाही ना. शनिवारी प्रॅक्टिस संपल्यावर मी थांबते. खुर्ची ठेवलेली असेल, पाठ नेटकडे करून.

तुमची,
बारा नंबर