अण्णा, पप्पांचा कॉम्प्युटर चालू केल्याबद्दल मनापासून थँक्यू

अण्णा,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही विषय बदलता आणि गाडीला किक मारून निघून जाता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आमच्यासाठी काय केलंय हे आपल्या सोलापूरच्या अशोक चौकातल्या लोकांना कळायला पायजे असं मला खरंच वाटतं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचे पप्पा चादरीचे डिझाईन काढतात. पहिले ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचे आणि त्यावरनं जेकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, छिद्राची कार्डं पंच व्हायची, २००८ ला कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून सगळं त्याच्यावर. तोच आहे अजून, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा, विंडोज एक्सपीवाला. लोक म्हणतात एवढा जुना कशाला ठेवलाय, नवीन घ्या की. पण त्यातलं डिझाईनचं सॉफ्टवेअर मागच्या त्या जुन्या रुंद प्रिंटर पोर्टला डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा तुकडा, लावल्याशिवाय उघडतच नाही, आणि आता दुकानात जे मशीन मिळतात त्याला तो पोर्टच नसतो, सॉफ्टवेअर नव्यानं घ्यायचं म्हणलं तर आमच्या आवाक्यातलं नाही. मोर, कमळ, वेलबुट्टी, गिऱ्हाईकाच्या नावाचे टॉवेल, इतक्या वर्षांचं काम त्या एका डब्यात.

आणि तो डबा उठायचाच बंद झाला. बटण दाबलं की पंखा जरासा फिरायचा आणि गप. नवी पेठेत दाखवलं तर एका दुकानात मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला म्हणाले, न उघडता. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले भंगारात द्या, डेटा काढायचे वेगळे पैसे. पप्पा जेवेनात, खरं सांगतेय. माणूस रात्री उठून त्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायचा.

तेव्हा तुम्ही आलात. आणि अण्णा, तुम्ही पहिलं काय केलं तर काहीच खोललं नाही, फक्त विचारलं. लाईट गेली होती का, बंद पडायच्या आधी काही आवाज वास आला का, तारीख चुकीची दाखवत होता का, आता बीप येतो का. चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही ते सांगा म्हणाला, करंटच येत नाही, का पंखे फिरतात पण स्क्रीन काळा, का स्क्रीन येऊन विंडोज अडकतं, तिन्हीचा इलाज वेगळा. आम्हाला हे आतापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं.

मग साईडचं पत्रं काढलं आणि सगळ्यात आधी हार्डडिस्क बाहेर घेतली. मला वाटलं डिस्क खराब झाली, पण तुम्ही ती छोट्या यूएसबी अडॅप्टरनं तुमच्या लॅपटॉपला लावली आणि पप्पांच्या सगळ्या फाईली कॉपी करायला लावल्या. पहिले माल सुरक्षित, मग मशीनशी झटापट, असं म्हणालात. पप्पांनी लॅपटॉपवर फाईलींची नावं बघितली आणि तिथंच खुर्चीत खाली बसले. माझ्यासाठी खरी दुरुस्ती तिथंच झाली होती अण्णा, पुढचं सगळं बोनस.

पुढचं पण लिहितेच, कारण आमच्यासारखे जुने कॉम्प्युटर पूर्व भागात घरोघरी आहेत आणि कुणाला तरी उपयोग होईल. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला करंट पुरवणारा डबा, बाहेर काढून तुम्ही २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर पिनेनं जोडली, पंखा फिरला. मी म्हणलं झालं, चांगला आहे. तुम्ही म्हणाला पंखा फिरणं हा पुरावा नाही, आणि परत बोर्डाला जोडून व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट पायजेत, ११.४ च्या खाली आलं तर गडबड, आणि आमचा एसएमपीएस लोड आला की त्याच्या खालीच बसायचा. एसएमपीएस सगळे व्होल्टेज नीट झाल्यावर बोर्डाला एक ओके सिग्नल देतो, तो आल्याशिवाय प्रोसेसर सुरूच होत नाही, हे तुम्ही पप्पांना तेलुगूत समजावलं, सूत तुटलं की माग आपोआप थांबतो ना, तसंच हे पण. पप्पांना एका सेकंदात कळलं! माझा भाऊ एसएमपीएसचं झाकण खोलायला गेला तर तुम्ही त्याचा हात धरला, प्लग काढला तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये करंट राहतो, तो डबा घरी कधीच खोलायचा नाही. हे वाचणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा प्लीज.

आणि नवीन विकत आणायला लावला नाही तुम्ही, आधी तुमच्याकडचा जुना लावून खात्री केली. पंखे नीट फिरायला लागले पण स्क्रीन काळा आणि लांब लांब बीप. बीपचा अर्थ बोर्डाबोर्डाला बदलतो पण ह्या बोर्डात हे रॅमचं, म्हणजे मेमरीच्या पट्टीचं, रडणं आहे म्हणालात. दोन्ही रॅम काढून खोडरबरनं सोनेरी पट्ट्या पुसल्या, स्लॉट ब्रशनं झाडला, एकेक लावून बघितली. त्या स्लॉटमधनं आणि प्रोसेसरच्या पंख्याखालनं जे निघालं ते बघून आई पण आली बघायला, सुताच्या धुळीचा चक्क नमदा झाला होता. खाली माग, वर कॉम्प्युटर, आणि एप्रिल मे मधली आपली सोलापूरची गरमी, मग दुसरं काय होणार. तुम्ही तो पंखा साफ करून प्रोसेसरवरची गरमी बाहेर नेणारी वाळलेली पेस्ट काढून नवीन लावली.

स्क्रीन आला, चेकसम एरर, तारीख कुठच्या कुठं मागं. बोर्डावरचा तारीख आणि सेटिंग जपणारा सीआर २०३२ बटण सेल संपलेला, तो बदलला. हार्डडिस्क परत जोडली, विंडोजचा लोगो आला आणि निळा स्क्रीन येऊन रिस्टार्ट, परत निळा स्क्रीन. मला रडू यायचं बाकी होतं. आता विंडोज नवीन टाकावं लागणार असं माझा भाऊ म्हणाला आणि ते टाकलं असतं तर सॉफ्टवेअरचं सगळं सेटिंग गेलं असतं. तुम्ही शांतपणे त्या निळ्या स्क्रीनवरचा शेवट ७बी असलेला नंबर वाचला आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, गेलात. सेल संपला म्हणून बायोस मूळ सेटिंगवर गेलेलं, हार्डडिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआय नावाच्या नव्या मोडवर गेलेली, एक्सपीकडं त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो. जुना आयडीई मोड केला, सेव्ह केलं, आणि पप्पांचा मोराचा वॉलपेपर आला.

पप्पा तेव्हा काय बोलले नाहीत पण नंतर तुम्ही चहा पिताना त्यांना सांगितलं ना, की जेकार्डनं १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये कार्डावर चालणारा माग बनवला आणि कॉम्प्युटरवाल्यांनी ती छिद्राची कार्डं नंतर त्याच्यावरनं घेतली, ते पप्पा आता कारखान्यात येईल त्याला सांगतात. आमचा धंदा मागासलेला नाही असं कुणीतरी शिकलेल्या माणसानं त्यांना पहिल्यांदा म्हणलं.

पैसे तुम्ही फक्त सेलचे आणि एसएमपीएसचे घेतले. पार्ट बदलायच्या आधी प्रत्येक वेळी दाखवलंत की का बदलतोय. आमच्या हातात मीटर दिलात. एवढा मान आम्हाला कुठल्या काउंटरवर मिळाला नव्हता अण्णा, त्याच्याबद्दल थँक्यू म्हणायचंय मला, कॉम्प्युटरपेक्षा जास्त.

फाईलींची एक कॉपी पेनड्राईव्हवर आणि एक मामाच्या घरी ठेवलीय, तुम्ही सांगितल्याप्रमाणं. दर महिन्याला साईडचं पत्रं काढून ब्रश मारायचं काम भावाकडं आहे. तो बारावीला आहे आणि तुमच्याकडं रविवारी शिकायला येऊ का म्हणून विचारतोय, तुम्हाला चालत असेल तर घरी निरोप द्या.

तुमची,
मागवाल्यांच्या घरची थोरली