उकाड्याचं खापर सूर्यावर किती फोडायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा चढला की फोनवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, सूर्य सध्या खवळलाय म्हणून एवढं तापतंय, माणसाचा यात काही संबंध नाही. आणि जरा थंडी पडली की दुसरा, सूर्य आता शांत होतोय, छोटं हिमयुग येणार. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतात याचं फार वाईट वाटतं.

सूर्याचा हवामानावर परिणाम होतो हे खरंच आहे, ते कोणी नाकारत नाही. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांनी वाढतात आणि कमी होतात, हे श्वाबे नावाच्या जर्मन हौशी निरीक्षकाने १८४३ मध्ये दाखवून दिलं. डाग जास्त म्हणजे सूर्य मंद असं वाटेल पण होतं उलटं, कारण डागांच्या आसपासचे भाग इतके झळाळतात की एकूण प्रकाश थोडा वाढतोच. पण किती वाढतो? वातावरणाच्या वर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते, तिच्यात चक्राच्या तळापासून शिखरापर्यंत जेमतेम एका वॅटचा फरक पडतो, म्हणजे ०.१ टक्का, आणि त्याने जगाचं सरासरी तापमान साधारण ०.१ अंश हलतं. पृथ्वी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एका अंशाहून जास्त तापलीय!

हिमयुगवाले नेहमी १६४५ ते १७१५ चा काळ पुढे करतात, तेव्हा डाग जवळपास दिसेनासे झाले होते आणि लंडनची थेम्स नदी गोठायची. पण युरोपातली ती थंडी त्याच्या कितीतरी आधीपासून होती, तिच्यात ज्वालामुखींचा वाटा होता, आणि थेम्सचं म्हणाल तर जुन्या लंडन ब्रिजच्या दाट खांबांनी पाणी अडून सहज गोठायचं, १८३१ मध्ये तो पूल पाडल्यावर प्रवाह मोकळा झाला.

आपल्याकडे तर या विषयाला दुष्काळाची पार्श्वभूमी आहे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळली, तेव्हा डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रासच्या पावसाचे आकडे सौरडागांशी जोडून दाखवले होते, डाग कमी तर पाऊस कमी. कल्पना मोहात पाडणारी होती, पण तिच्या भरवशावर मान्सूनचं भाकीत काही जमलं नाही. त्या दुष्काळामागे प्रशांत महासागरातला जबरदस्त एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, होता हे आता माहीत आहे.

आणि सगळ्यात ठसठशीत पुरावा वर आकाशातच आहे. सूर्यामुळे तापत असतं तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापला असता, प्रत्यक्षात खाली तापतंय आणि वर थंड होतंय, कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर व्हायला हवं अगदी तसंच. २००८ ते २०१९ चं सौरचक्र गेल्या साधारण १०० वर्षांतलं सगळ्यात कमजोर, तरी २०१६ सालाने तोवरचा उष्णतेचा उच्चांक केलाच.

याचा अर्थ सूर्याचा अभ्यास नको असं अजिबात नाही. अतिनील किरण चक्रागणिक एकूण प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त टक्क्यांनी बदलतात, ओझोन ते शोषून तापतो आणि त्यातून उत्तर युरोपातल्या हिवाळ्यातल्या वाऱ्यांवर परिणाम होतो असे संकेत मिळालेत. हेच किरण टिपणारी सूट नावाची दुर्बीण भारताच्या आदित्य एल-१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावर आहे, आणि ती आपल्या पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेने बनवलीय, किती अभिमानाची गोष्ट! या यानाच्या उड्डाणाची बातमी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सगळीकडे गाजली, पुढे त्यातून काय कळलं हे सामान्य वाचकापर्यंत फारसं पोचत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, उन्हाळ्याच्या पुरवणीत आयुकातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडून सूर्य आणि हवामानावर सोप्या मराठीत लेख लिहून घ्या, आकड्यांसकट. तो मेसेज आला की उत्तरादाखल ते कात्रण तरी पाठवता येईल.

कळावे,
एक नियमित वाचक, सातारा