अभ्यासिकेतल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र. सांगलीत विश्रामबागच्या अभ्यासिकेत खिडकीकडच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसणाऱ्या ताई, एवढ्यावर तुम्ही ओळखालच.

दहावीपर्यंत आमचं सगळं मराठीत. अकरावीला क्लास लावला, वडिलांनी द्राक्षाचे पैसे हातात आल्या आल्या फी भरली. तिथं सर फळ्यावर कार्बन डायऑक्साइडची तयार रचना, इलेक्ट्रॉनच्या ठिपक्यांसकट, काढायचे आणि आम्ही उतरवून घेईस्तोवर पुसायचे. ठिपके कुठून आले विचारलं, की "दहावीत झालंय ते." पहिल्या बाकाला कळलं म्हणजे वर्गाला कळलं, असा हिशोब.

तुम्ही मात्र डबा उघडून बेदाणेच वहीवर ओतलेत. एक बेदाणा म्हणजे अणूच्या बाहेरच्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन. "कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६-६. १६ मोज, बाकीचे खाऊन टाक." एकेक जोडी दोन अणूंना जोडणाऱ्या प्रत्येक बंधाला दिली, उरलेले ऑक्सिजनभोवती मांडले. ऑक्सिजनची अष्टकं, म्हणजे भोवतीचे आठ-आठ, भरली, कार्बनपाशी मात्र चारच. माझा हात डब्याकडं गेला, तर तुम्ही झाकण लावलंत. आणि त्यानंतर गप्प बसलात. बोट लावलं नाहीत, घड्याळ बघितलं नाहीत, तुमचं पुस्तक तसंच उघडं पडलेलं. शेवटी दोन्ही ऑक्सिजनकडची एकेक जोडी मीच मधे सरकवली. दोन्हीकडं दुहेरी बंध झाले, कार्बनचे आठ भरले, आणि एकूण १६ चे १६.

ते गप्प बसणं मला सगळ्यात मोठं वाटतं, ताई. चटकन सांगून मोकळं होता आलं असतं तुम्हाला.

नायट्रोजनचा तिहेरी बंध मग मला कुणी सांगावा लागला नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमधे बोरॉनपाशी सहाच राहिले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याचं सहावर भागतं, राहू दे." बंध म्हणजे इलेक्ट्रॉनची सामाईक जोडी, हे लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९१६ साली मांडलं आणि त्याला नोबेल कधीच मिळालं नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. इकडं क्लासच्या फ्लेक्सवर प्रत्येक सर 'नंबर वन'!

ना ओळख, ना पाळख, वर स्वतःची परीक्षा तोंडावर. तरी दुसऱ्याच्या पोरासाठी वेळ काढणारी माणसं सांगलीत आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आता ओझोनवर अडलोय. तीन ऑक्सिजनचे १८ बरोबर मोजलेत. पण दुहेरी बंध डावीकडं काढला तरी बसतो, उजवीकडं काढला तरी बसतो. मग खरा कुठला? विचारायला येणार आहे, पण आधी तुमचा पेपर होऊ दे.

तुमचा,
अकरावी सायन्सवाला