शिट्टी किती वाजवायची?

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. बास्केटबॉलच्या पहिल्याच स्पर्धेत ‘हा रेफरी फार शिट्ट्या वाजवतो’ असं ऐकावं लागलं म्हणून खट्टू झालास. माझं ऐकशील तर आणखी वाजव. कुठे, ते मात्र नीट बघ.

रेषेवर पाय पडला, आठ सेकंदांत चेंडू पुढच्या अर्ध्यात गेला नाही, तिथे दयामाया नको. बास्केटखालच्या चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हा नियम जरा वेगळा. खेळाडू बाहेर पडायच्या धडपडीत असेल तर नियमच त्याला सूट देतो. ट्रॅव्हलिंगवरून, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकण्यावरून, ओरडा होणारच. 2017 पासून फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, पळता पळता चेंडू घेणाऱ्याला ‘झिरो स्टेप’ दिली, म्हणजे चेंडू घेतानाचं पाऊल मोजायचं नाही, पण प्रेक्षकांतले जुने खेळाडू अजून ‘तीन पावलं!’ म्हणून ओरडतात. ओरडू देत.

खरी गोची धक्क्यांची. कुणाचा फायदा झाला नाही, कुणाचं नुकसान झालं नाही, अशा ओझरत्या स्पर्शासाठी खेळ थांबवू नका, असं फिबाची नियमावलीच सांगते. लेअपच्या वेळी, म्हणजे पळत जाऊन जवळून चेंडू टाकताना, कोपर घासलं आणि बास्केट झाली, तर सोडून दे. पण ड्रिबल करणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू आपटत नेणाऱ्याच्या, कमरेवर हात ठेवून त्याला वळवणं हा ओझरता स्पर्श नाही. तिथे पहिल्या मिनिटापासून वाजव.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचंच बघ. 2003-04 मध्ये तिथे संघांची सरासरी 93.4 गुणांवर आली होती. पुढच्या हंगामाआधी लीगने बास्केटपासून दूरच्या भागातलं हँड-चेकिंग, म्हणजे बचावपटूने हात लावून अडवणं, कडकपणे पकडायचं ठरवलं, आणि सरासरी 97.2 झाली. स्टीव्ह नॅशसारख्या, ताकदीपेक्षा डोक्याने खेळणाऱ्या गार्डला (चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला) मोकळं रान मिळालं. त्या हंगामाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तोच. आता बचाव मेला, अशी ओरड झाली. पण त्याच हंगामाची अंतिम मालिका सॅन अँटोनियो आणि डेट्रॉइट या दोन कडव्या बचावाच्या संघांत झाली, तीही सात सामने चालली! चांगल्या बचावाला हात लावावा लागत नाही, पाय हलवावे लागतात.

आणि हा कडकपणा एकाच बाजूला नको. शूटर मुद्दाम आडवा झुकून बचावपटूवर आदळतो आणि वर फ्री थ्रो मागतो, ते नाटक एनबीएने 2021-22 पासून आवरायला घेतलं. तूही तसल्याला भाव देऊ नकोस.

शेवटच्या दोन मिनिटांत शिट्टी गिळणारे रेफरी मला अजिबात आवडत नाहीत. ‘निकाल खेळाडूंना ठरवू दे’ म्हणे! अरे, पहिल्या क्वार्टरमध्ये जो फाऊल होता तो चौथ्यात फाऊल राहत नाही, तर निकाल तूच फिरवलास की. एनबीए 2015 पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल छापते. त्यात न वाजलेल्या शिट्ट्याही चुका म्हणूनच मोजतात.

यजमानांच्या स्टार खेळाडूचा पाचवा, म्हणजे त्याला सामन्याबाहेर काढणारा, फाऊल तिसऱ्या क्वार्टरमध्येच आला तर? दे. आयोजक जेवताना तोंड फिरवतील, एवढंच.

पुढची स्पर्धा कुठे आहे ते कळव. जवळ असेल तर येतो आणि ओरडणाऱ्यांतच बसतो.

तुझा,
सुहास