आधी कान दाखवून ये

सोलापूर,
रविवार, रात्री

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आण्णा, परवाच्या कार्यक्रमापासून डाव्या कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय, जाईल चार दिवसांत," आणि लगेच शेंगापोळ्या किती उरल्यात ते विचारायला लागलास. आई शेजारीच होती, म्हणून मी पुढं काही बोललो नाही. ते इथं एकदाच लिहितो आणि परत त्या वाटेला जात नाही. उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरला दाखव. मेडिकलमधून थेंब आणून घालू नकोस. शिट्टी थांबली असली तरी जा.

आता तुझ्या यादीबद्दल. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला यायला जमलं नाही म्हणून तू ही गाणी फोनमध्ये भरून पाठवलीस, वर तो कान झाकणारा हेडफोनही. "एकेक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, मधलं काही गाळू नका आणि काय वाटलं ते लिहा," असं बजावलंस. आई भजनाला गेली की कानातलं ऐकायचं मशीन काढून डबीत ठेवतो, हेडफोन चढवतो आणि माळवदावरच्या खोलीत बसतो. अल्बमबद्दल तू जे लिहून पाठवलं होतंस ते आधी वाचतो. त्यामुळं कुठं काय ऐकायचं ते कळतं.

पहिला लावला तो पिंक फ्लॉइड या इंग्रजी बँडचा, १९७३ सालचा, 'डार्क साइड ऑफ द मून'. काळजाच्या ठोक्यानं सुरुवात. तो इतका स्वच्छ आला की मी हेडफोन काढून छातीवर हात ठेवून बघितला. पुढं ती घड्याळं. त्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या ॲलन पार्सन्सनं घड्याळाच्या दुकानात जाऊन एकेकाचा आवाज वेगळा टिपून आणला आणि मग सगळी एकदम वाजवली, असं तू लिहिलंयस. तेवढ्यात आई परत आली होती. ती दारातूनच म्हणाली, "केवढा गजर तो, बाहेर ऐकू येतोय." मला मात्र त्यातले मोठे टोल तेवढे आले. किणकिण म्हणून जी काय असेल ती आलीच नाही.

पैशांवरचं गाणं मला आवडलं. नाणी, फाटणारा कागद, दुकानातल्या गल्ल्याचा खटका, या सगळ्यांच्या टेपचे तुकडे जोडून केलेला फेरा आहे तो. मांडीवर बोटं मोजत गेलो तर सात मात्रा निघाल्या. परत मोजल्या, सातच. आयुष्यभर ज्याच्या कानात मागावरच्या धोट्याचा ठोका बसलाय, इकडून तिकडं आणि तिकडून इकडं, दोनाचा, त्याचा हात सातावर दर वेळी अडखळतो. आमच्या भजनात पखवाजाला बसणाऱ्या शिवानंदला मी ते ऐकवलं. तो म्हणाला, "अरे हे तर रूपकाएवढंच की, पण सम शोधावी लागतीय." अर्धा तास आम्ही दोघं समच शोधत बसलो होतो.

आणि त्याच अल्बममधली ती बाई. क्लेअर टोरी. एकही शब्द नाही, नुसता गळा. बाईचा वरचा आवाज मला हल्ली फाटका येतो, पण हिचा आला. तू लिहिलंयस की तिला फक्त मरणाबद्दलचं आहे एवढंच सांगितलं होतं. मला न सांगताही कळलं असतं. आजी गेली तेव्हा मंद्रूपची आत्या दारातच बसली होती आणि हेल काढून रडत होती, तुला आठवणार नाही, तू आक्काच्या कडेवर होतास. आत्याचं रडणं आधी शब्दांचं होतं, कुठं गेलीस, कुणावर टाकून गेलीस असं. मग शब्द संपले आणि नुसता हेल राहिला. वर जायचा, तुटायचा, परत खालून उचलायचा. लंडनच्या स्टुडिओत उभं राहून एका मुलीला ते कसं जमलं असेल?

त्या गाण्याचे तिला तीस पौंड मिळाले. पुढं तिला कोर्टात जावं लागलं, तेव्हा कुठं २००५ नंतर त्या गाण्यावर तिचं नाव आलं. म्हणून विचारतो, तुझ्या साउंडच्या कामाचं सगळीकडं लिहून घेतोस ना? कामाचे पैसे किती, कधी मिळणार, नाव कुठं येणार, हे कागदावर हवं. तोंडी बोलण्यावर काम करू नये. रात्रीचे जास्तीचे तास मोजून घे. नुसतं "दादा, बघू नंतर" म्हणणाऱ्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नये. काकांच्या व्यवहारात काय झालं ते तू बघितलंयस.

बघ, सुरू झालं माझं. तू तिशीला आलास आणि मी अजून तुला फी भरायला पाठवल्यासारखं सांगतोय. राग धरू नकोस. त्या अभंगांच्या अल्बमवर तुझं नाव आलं तेव्हा मी अशोक चौकात टपरीवर फोन उघडून दाखवलं होतं. नरसय्यांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून ते वाचलं आणि म्हणाले, "सगळ्यात खाली लिहिलंय, पण सगळ्यांचा आवाज याच्याच हातातून गेलाय की." कापडाचा व्यवहार बघणारा माणूस, बरोबर बोलला. तेव्हापासून मी कुठलाही अल्बम आला की आधी खालची नावं वाचतो.

म्हणून बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'मध्ये मला गाणाऱ्या चौघांइतकंच रेकॉर्डिंग करणाऱ्या त्या जेफ एमरिकचं कौतुक वाटलं. १९६७ चा अल्बम, हाताशी चार ट्रॅकची यंत्रं आणि पोरगा विशी-एकविशीतला. शेवटचं गाणं संपताना तीन पियानो आणि एक हार्मोनियम मिळून एकच स्वरमेळ धरतात. तो विरत जातो तसतसे यांनी माइकचे आवाज वाढवत नेले, इतके की कुणाची तरी खुर्ची करकरलेली त्यात ऐकू येते. मी तो शेवट चारदा लावला. सूर शेवटपर्यंत आला, पार पोटात जाईपर्यंत आला. खुर्ची नाही आली.

त्या दिवशी ओवी इथं होती. तिनं हट्टानं हेडफोन घेतला. तिच्या डोक्याला तो मोठा होतो, दोन्ही हातांनी धरून बसली होती. सूर विरला आणि क्षणभरानं ती एकदम तोंड वाकडं करून म्हणाली, "आजोबा, शिट्टी!" मी घेऊन ऐकलं. काही नाही. परत तिला दिला. परत, "आत्ता वाजली, ऐकू नाही आली तुम्हाला?" मग तू लिहिलेलं खालपर्यंत वाचलं. पंधरा हजार हर्ट्झचा सूर त्यांनी मुद्दाम टाकलाय, कुत्र्यांना ऐकू यावा म्हणून, जॉन लेननच्या डोक्यातून आलेली गंमत. पोरांना तो येतो. मला येणार नाही हे मला माहीत होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण ओवीच्या तोंडून शिट्टी हा शब्द आला आणि माझं पुढचं लक्षच उडालं. तुझ्या डाव्या कानाला तो सूर येतो का, हे विचारायचं मनात आलं. विचारत नाही. तूही घरी लावून बघू नकोस. त्यासाठी डॉक्टरकडं यंत्र आहे, बंद खोली आहे. तिथं जा.

लिहिणार नव्हतो, पण आता लिहितोच. मी मागावर उभा राहिलो तेव्हा शेडमध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही. बोलून उपयोगच नव्हता. कांडी संपली की मनगट फिरवायचं, बीम उतरवायचं असेल तर दोन्ही हात छातीपासून खाली न्यायचे, मुकादम आला की टोपी सारखी केल्याची खूण. ओठ बघून आम्हाला शिव्यासुद्धा कळायच्या. कानात घालायला मालकाकडून काही मिळायचं नाही. आम्ही सुताच्या गुंडाळ्या कोंबायचो, त्यानं आवाज काही अडत नाही हे पुढं डॉक्टरांकडून कळलं. पाळी सुटली की सायकलवर घरी येताना कानात शिट्टी असायची. सकाळी उठेपर्यंत जायची. सगळ्यांचीच जायची. मग काही वर्षांनी दुपारपर्यंत राहायला लागली. मग एकदा आली ती गेलीच नाही. आत्ता लिहितोय तेव्हाही वाजतेय.

डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं होतं. कानाच्या आत शंख असतो, त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की परत येत नाहीत. पहिला मार बसतो तो चार हजार हर्ट्झच्या आसपास. त्यामुळं सुरुवातीला माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतंय, नुसतं समोरचे लोक पुटपुटतात. स, श, फ आधी जातात. लहान मुलांचे आवाज जातात. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतं, त्यावर तीन वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. तू याचा कोर्स केलायस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त येतं. तुमच्या कार्यक्रमात त्या स्पीकरच्या भिंतीजवळ तू किती वेळ उभा होतास, तेवढंच मला सांग. एकाच कानाचं अचानक बिघडलं तर लवकर गेलेल्याला औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते, उशिरा गेलेल्याला कमी. आजचा पाचवा दिवस तरी आहे.

तुझ्या यादीतला 'कॉल ऑफ द व्हॅली' मला नवा नव्हता. तोही १९६७ चाच. दत्तूमामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ती रेकॉर्ड होती, मी शाळेतून येताना तिथं थांबायचो. आपल्या जी. एन. जोशींनी एचएमव्हीसाठी ती करून घेतली, 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच जोशी. काश्मीरच्या मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. मी डोळे मिटून ऐकलं आणि मला सगळं आलं, संतूरसुद्धा. आनंदानं हेडफोन काढला आणि मग शंका आली. ओवीच्या आईला म्हटलं, मध्येच कुठूनही लाव, मला सांगू नको. तिनं लावलं. गिटार होती, तबला होता, बासरीचा खालचा भाग होता. संतूरच्या जागी नुसती हलकी टकटक, लाकडावर नख मारल्यासारखी.

म्हणजे आधी मी जे ऐकलं ते दत्तूमामाच्या दुकानातलं होतं. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. 'गीतरामायण' मी आजही लावतो. आमच्या आईनं ते १९५५ सालच्या रामनवमीपासून आकाशवाणीवर ऐकलेलं, छप्पन्नच्या छप्पन्न गाणी तिला पाठ. बाबूजींचा एकेक शब्द मला लख्ख येतो आणि मी सगळ्यांना सांगत असतो की बघा, उच्चार कसे असावेत. उच्चार तसे आहेतच. पण मला माहीत असलेलं गाणं मी कानानं ऐकतो की आठवणीनं, हे आता मला छातीठोक सांगता येत नाही. माझ्या कानात खरोखर काय उरलंय ते मला तुझ्या इंग्रजी अल्बमांनी दाखवलं, कारण त्यांची आठवण माझ्याकडं नव्हती.

माझं त्यानं काही अडत नाही, सागर. माझी गाणी भरून झाली आहेत. तुझ्याकडं मात्र रोज न ऐकलेलं गाणं येणार. कुणी नवी पोरगी माइकसमोर उभी राहणार, तिच्या आवाजातली बारीक कड तुलाच ओळखायची आहे, ती राखायची की घासायची ते तुलाच ठरवायचं आहे. तिथं आठवण कामाला येत नाही. लोक त्यासाठीच तुला बोलावतात आणि मला त्याचा केवढा अभिमान आहे ते मला नीट लिहिताही येत नाही.

पुढचे दोन अल्बम राहिलेत, सावकाश ऐकतो. शेंगापोळ्या आणि चटणी डब्यात भरून ठेवली आहे, शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडलीस तर रात्री जेवायला येशील. शनिवारचा कार्यक्रम दुसऱ्या कुणाला दे. एक कार्यक्रम गेल्यानं कुणाचं नाव जात नाही.

तपासणी झाली की ऐकण्याच्या आलेखाचा फोटो माझ्या एकट्याच्या नंबरवर पाठव, घरच्या ग्रुपवर नको, आईला अजून काही सांगितलेलं नाही. मला तो वाचता येतो. डाव्या कानाची खूण निळी फुली असते. चार हजारच्या रेघेवर ती फुली किती खाली आहे, तेवढं मला बघायचं आहे.

तुझा,
आण्णा