ब्रेसेस केअर किटमधील चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मेडिकलमधून आपले ब्रेसेस (दातांच्या तारा) लावलेल्या मुलांसाठीचे किट घेतले. डबीतल्या मेणाच्या पाचही कांड्या वितळून एकच गोळा झाला होता. मे महिन्यात टेम्पोत पडून राहिले की मेणाचे असेच होणार. नखाने तोडून वापरता येते, म्हणून ते सोडून देते. तक्रार आहे ती आतल्या मराठी पत्रकाची.

‘मेण दुखऱ्या हिरडीवर दाबून लावा,’ असे त्यात छापले आहे. ओल्या हिरडीला मेण चिकटत नाही. ते लावायचे असते टोचणाऱ्या ब्रॅकेटला (दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्याला) किंवा वायरच्या टोकाला, तेही ब्रश करून, कापसाने ब्रॅकेट पूर्ण कोरडा केल्यावर. कोरडे करण्याचा पत्रकात उल्लेखच नाही आणि मेण निघून येते ते नेमके त्यामुळेच. तुरीच्या दाण्याएवढा गोळा बोटांत पाच-सहा सेकंद मळायचा, ब्रॅकेटवर दाबायचा, वर थोडा उंचवटा ठेवायचा, म्हणजे गाल त्यावरून सरकतो. जेवताना काढायचे. चुकून गिळले तरी अपाय नाही, हेही छापायला हवे होते.

त्याहून वाईट सूचना पुढे आहे: ‘हिरडी दुखत असल्यास दोन दिवस ब्रश करू नये.’ तारा आवळल्यावर दात ठणकतात, ते तीन-चार दिवसांत ओसरते. हिरडी लाल होऊन सुजते आणि ब्रशला रक्त लागते, ते बहुतेक वेळा ब्रॅकेट व हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत साचलेल्या किटणामुळे. ब्रश थांबवला की सूज वाढणार! मऊ ब्रश ४५ अंशांत तिरका धरून तीच पट्टी घासायची असते.

माउथवॉशच्या घटकांत अल्कोहोल आहे. सोललेल्या जागी ते असे झोंबते की मूल पुन्हा तोंडात घेणार नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा अर्धा मिनिट खुळखुळणे, याला एक ओळ पुरली असती. ‘लवंगेचे तेल थेट लावा’ याला मात्र जागा मिळाली आहे. निव्वळ तेलाने हिरडी भाजते.

पत्रक दुरुस्त करावे, दुकानांतल्या मालात नवे पत्रक घालावे, माउथवॉश बिनअल्कोहोलचा द्यावा आणि किटचे पैसे परत करावेत. बिल व पत्रकाचा फोटो सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

आपली,
एक ग्राहक, ठाणे (प.)