कोकणात सायकल चालते, पण कोकणाजोगी हवी

महोदय,

पर्यावरणपूरक प्रवासाच्या नावाखाली सायकली वाटल्या जातात आणि पावसाळा सरेपर्यंत त्यातल्या बऱ्याच पडवीत गंजत उभ्या असतात. मग ‘आमच्याकडे घाट्या, इथे सायकल कसली चालते’ असे म्हणायला सगळे मोकळे. खरे तर सपाटीवरची सायकल घाटीवर आणलेली असते.

साध्या सायकलीच्या पुढच्या दातेरी चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीचदा फिरते. दापोलीहून हर्णैला उतरताना मजा, परतताना ढकलगाडी! पुढे २८ आणि मागे ३४ दात मिळाले की एका फेऱ्यात चाक पुरते एकदाही फिरत नाही. वेग कमी, पण चढ बसूनच निघतो.

उतार मात्र जास्त धोक्याचा. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेकरबर सटकतो, पहिले काही फेरे पाणी निपटण्यातच जातात. अ‍ॅल्युमिनियमची रिम बरी, तरी जांभ्याची कच रबरात रुतून रिम खाते. ती टाचणीने उकरून काढावी. परवडत असेल तर रिमऐवजी चाकाच्या मधल्या चकतीला धरणारा डिस्कब्रेकच घ्यावा.

खाऱ्या वाऱ्याला चेन आधी बळी पडते. गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकच थेंब द्यावा, वरचे पुसून टाकावे. ग्रीस फासू नये, ते वाळू धरते. पिन ते पिन मोजता २४ दुवे १२ इंच भरले पाहिजेत. माप एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदलावी. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात, तर दातेही गेलेच म्हणून समजा. स्टीलच्या फ्रेममधला अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालची दांडी) अधूनमधून काढून त्याला मात्र ग्रीस लावावे, नाहीतर तो असा धरतो की सीट वरही होत नाही, खालीही नाही.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी सायकलवाल्यांचे मोठे वळसे वाचतात. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर शेवाळ असते, तिथे सायकल हातातच धरावी.

रस्त्याचे काम करणाऱ्यांकडे मागणी एकच. दरवेळी डांबराचा नवा थर चढतो आणि साइडपट्टी होती तिथेच राहते. मागून डंपर आला म्हणून बाजूला घेतले की पुढचे चाक त्या खाचेत उतरते, आणि परत वर घेताना डांबराच्या कडेला घासून माणूस रस्त्यावरच आडवा होतो. पावसाने धुपलेल्या साइडपट्टीत मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून ती डांबराच्या पातळीला आणल्याशिवाय त्या कामाचे बिल काढू नये.

– दापोली तालुक्यातील काही सायकलस्वार आणि सायकल दुरुस्ती कारागीर